एक वस्तू, एक नाव

सातारा
१२ मे २०२५

प्रिय मल्हार,

पत्र बघून हसशील, पण इलाज नाही. फोनवर आपलं भांडण होतं, आणि ऐन मुद्द्यावर आलं की तुझी रेंज जाते. कागदाची रेंज जात नाही. औषधांची गाडी मंगळवारी जतला येते, शुक्रवारी परत फिरते. पाकीट ड्रायव्हर सिद्धूकडे देत जाईन, तूही उत्तर त्याच्याकडेच दे.

आप्पाकाकांनी मला पुण्याची नोकरी सोडायला लावून इथं का बोलावलं, ते तू आईला विचारत होतास म्हणे. तर ऐक. आबांनी जतच्या एका गाळ्यात जनावरांच्या औषधांचं दुकान काढलं. ते गेल्यावर काकांनी धंदा सांगली, साताऱ्यापर्यंत नेला, उंब्रजला हायवेवर गोदाम बांधलं. पण प्रत्येक शाखेनं मालाला आपापल्या मनाची नावं दिली. गाईचं एकच कॅल्शियम साताऱ्यात कंपनीच्या नावानं आहे, सांगलीत ते 'लाल झाकण', आणि तुझ्याकडे 'म्हाताऱ्या डॉक्टरचं'. उंब्रजचा माणूस त्या तीन वेगळ्या वस्तू समजतो. मागच्या हिवाळ्यात सांगलीच्या फ्रीजमध्ये लाळ-खुरकताची लस मुदत संपून वाया गेली, आणि त्याच आठवड्यात साताऱ्यातून गवळी 'लस नाही' ऐकून परत जात होते. किती गाई गेल्या असतील देव जाणे.

म्हणून हा मास्टर डेटाचा कार्यक्रम. नाव जड आहे, अर्थ साधा: एक वस्तू, एक नाव, एक नंबर, सगळ्या शाखांना सारखा. आधी माल, मग गिऱ्हाईक, मग पुरवठादार. प्रत्येक ठिकाणी एक जबाबदार माणूस, त्याच्या होकाराशिवाय काही बदलायचं नाही. जतचा माणूस तू.

पहिल्यांदा तुझ्याकडच्या सगळ्या मालाची यादी पाठव. कॉम्प्युटर सारख्या दिसणाऱ्या जोड्या काढेल. मग दुसरी फेरी: प्रत्येक जोडीतल्या दोन्ही बाटल्या हातात घेऊन, लेबल वाचून खात्री करायची. त्याला वेळ लागेल, पण मी काकांना तसं सांगून ठेवलंय.

आईचे गुडघे कसे आहेत?

तुझी आक्का,
प्रांजल


जत
२३ मे

आक्का,

पत्र पोचलं. सिद्धूनं ते आईच्या हातात दिलं आणि आईला वाटलं कोर्टाचा कागद आला. तासभर देव्हाऱ्याम्होरं बसली हुती. गुडघं तसंच हायत, जीभ मातर झकास चालतीया.

तुझं समदं वाचलं. हितं माणूस येतो आणि म्हनतो, "मागल्या बारीला दिलं तेच द्या." त्यो काय नंबर सांगत न्हाई, त्याचं तोंड बघून मी वळकतो. पर लशीचं तू लिवलंस ते बरोबर हाय. यादी पाठवतो.

आता माझी बातमी. आईनं सांगायच्या आदी मी सांगतो. उमदीच्या अंगाला नाथाजी मामांचं मेंढरांचं खांड हाय, तुला आठवत असंल, आबांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांची थोरली, राणी. डॉक्टरसंगं लस टोचायला गेलतो तवा गाठ पडली. बारावी शिकून मेंढरांकडं परत गेली, ती बी आवडीनं. मी मेंढरू धरलं तर म्हनली, "तुमी औषधं इकता, का मेंढरं बी वळकता?" मी म्हनलं, शिकवा की. त्याच्यावर नुसती हसली.

मंग काय, शिकाय जातूय सारखाच.

मामांनी घरी इचारलं, आईनं व्हय म्हनलं. जूनमदी साखरपुडा. तू आली न्हाईस तर बघ.

मल्हार


सातारा
२ जुलै

प्रिय मल्हार,

साखरपुड्याहून आल्यापासून इथं सगळ्यांना फोटो दाखवतेय. राणी मला फार आवडली. तुम्ही सगळे जेवायला बसलात तेव्हा तिनं मला वाघरात, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात नेलं आणि एक कोकरू माझ्या हातात दिलं. "आक्का, घट्ट धरा, न्हाईतर त्याला वाटतं आपन पडतोय." मी अशी घाबरून उभी, आणि ती एकेका मेंढीला नावानं हाक मारतेय, आणि मेंढ्या मान वळवून बघतायत! तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरा, मी महिनाभर आधी येते.

आता काम. नवीन सॉफ्टवेअर एक ऑगस्टला सुरू करायचं काकांनी ठरवून टाकलंय. मी परवाच्या बैठकीत म्हटलं, दुसरी फेरी राहिलीय. काका म्हणाले, "बाटल्या हातात घिऊन वाचत बसलो तर दिवाळी उजाडंल. शाखेचा माणूस रोज त्योच माल बघतोय, त्याला काय कळत न्हाई व्हय?" मी वाद घातला, पण फार ताणला नाही. पहिलाच मोठा कार्यक्रम आहे, सुरुवातीलाच तारीख चुकली तर पुढचं कुणी ऐकणार नाही. दुसरी फेरी सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर करू असं ठरलं.

म्हणून तुझ्यावर भार आहे. तुझ्या मालाच्या जोड्या मोबाईलवर पाठवल्यात. ज्या जोडीला तू 'हो' म्हणशील त्या दोन वस्तू कायमच्या एक होतील. नीट बघ.

राणीला माझा नमस्कार. नाही, नमस्कार नको, नुसतं आठवण काढली म्हणून सांग.

आक्का


जत
११ जुलै

आक्का,

जोड्या बघितल्या. समद्या बरोबर हायत. 'व्हय' करून पाठवल्यात. आता तुझ्या कॉम्प्युटरला म्हनावं सुखानं जेव.

हितं लय गडबड. घराला रंग काढलाय. आई म्हनती हिरवा, मी म्हनतो पांढरा, राणीला इचारलं तर म्हनती, "मला घरात कुठं ऱ्हायचंय, मी मेंढरांत." चेष्टा करती.

तिला औषध मापानं पाजायला शिकवलंय. मामा अंदाजानं पाजायचे. आता ही मेंढीच्या वजनावर माप धरती, पिचकारीवर खूण करून. मामा म्हनले, "पावणं, तुमी पोरीला निम्मी डॉक्टर केली." मला लय बरं वाटलं. पाऊस झाला की जंत वाढत्यात, तवा ऑगस्टमदी खांडाला औषध पाजायचं ठरलंय. मी सवता घिऊन जानार हाय.

आई सांगती, तुला स्थळ बघायचं हाय. मी सांगितलं न्हाई असं समज.

मल्हार


सातारा
१४ ऑगस्ट

प्रिय मल्हार,

चालू झालं! दोन आठवडे झाले आणि एकही गाडी चुकीची गेली नाही. उंब्रजच्या गोदामात निम्म्या फळ्या मोकळ्या झाल्या. काकांनी कंदी पेढे वाटले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आज थोरला असता तर." आबांचं नाव त्यांच्या तोंडून असं कधी आलं नव्हतं. मी बाहेर जाऊन जरा वेळ उभी राहिले.

तुझ्याही वाट्याचे पेढे सिद्धूकडे दिलेत. राणीच्या घरी पोचव. पुढच्या महिन्यात गिऱ्हाइकांच्या नावांचं काम धरायचंय, तेव्हा जतला येईन आणि तिच्याबरोबर एक दिवस मेंढरांमागं हिंडेन.

तू गप्प का आहेस? गाड्या तुझ्या चिठ्ठीशिवाय परत येतायत.

आक्का


जत
२२ ऑगस्ट

आक्का,

मेंढरांच्या जंताचं औषध जतला पाठवू नको. हितं हुतं ते मी इकायचं थांबवलंय. कारन अजून नक्की कळंना, कळलं की लिवतो.

पेढं घरातच हायत. रंगाचं काम थांबवलं.

आई बरी हाय.

मल्हार


सातारा
२६ ऑगस्ट

मल्हार,

हे असं नाही चालणार. माल थांबवायचा तर कारण लागतं, तेच तर आपण ठरवलं. उद्या सांगली म्हणेल आम्हाला हे नको, परवा कऱ्हाड म्हणेल ते नको, मग सगळं पुन्हा पहिल्यासारखं. मला ठाऊक आहे, तुला 'मेंढीचं' आणि 'म्हशीचं' अशी तुझीच जुनी नावं हवीत. थोडी कळ काढ, सवय होईल.

आणि रंगाचं काम का थांबवलंस? राणीशी भांडलास का? भांडला असशील तर आधी तू जा, तिची वाट बघू नकोस. आपल्या घरात कुणाला चूक कबूल करता येत नाही, तू तरी शीक.

कारण लिहून पाठव, मी लगेच बघते.

प्रांजल


जत
४ सप्टेंबर

आक्का,

काल फोनवर 'ते औषध समदीकडं थांबव' एवढंच बोलता आलं. म्होरचं तोंडातनं निघंना, म्हनून लिवतोय.

नव्या गाडीनं उंब्रजचा पांढरा कॅन आला हुता. दर साली येतो तसाच, तीच कंपनी, तेच नाव. मी सवता गाडीवर घिऊन उमदीला गेलो. दिवस लय चांगला हुता. मामा मेंढरू धरून आनायचे, मी तोंड उघडायचो, राणी पिचकारीनं पाजायची. एकाबी मेंढराला माप चुकू दिलं न्हाई तिनं. बारकी कोकरं तेवढी सोडली. दुपारी भाकरी खाल्ली, मामांनी लग्नाच्या मांडवाचं काढलं. मी घरी आलो.

मंग दोन-तीन दिसांनी मामांचा फोन आला. "पावणं, मेंढरं खुळ्यावानी करत्यात, या जरा."

गेलो तर मेंढरं वाघराच्या जाळीला जाऊन धडकत हुती. डोळं टक्क उघडं, बाहुल्या ह्या एवढ्या मोठ्या झालेल्या, आणि दिसत काय न्हाई. कोकरं आईला हुडकत हुती, आया आवाजाच्या दिशेनं जायच्या आणि एकमेकींवर पडायच्या. काही तर पाय मुडपून बसल्या त्या उठल्याच न्हाईत.

डॉक्टर आले. पयल्यांदा त्यास्नीबी कळंना. त्यांनी राणीला इचारलं, किती पाजलंस? तिनं माप सांगितलं. "माप बरोबर हाय की," डॉक्टर म्हनले. रक्त तपासायला पाठवलं, चारा बघितला, पानी बघितलं. मी तवाच मनात शंका धरून औषध थांबवलं आणि तुला लिवलं. परवा डॉक्टर परत आले आणि म्हनले, मला त्यो कॅन दावा. त्यांनी वाचला आणि खाली ठेवला. तीनपट कडक हुतं. मोठ्या जनावराचं. नाव तेच, रंग तोच, खाली बारीक अक्षरात तेवढा फरक.

आक्का, माझ्या दुकानात ह्या दोन चिजा आबांच्या टायमापास्नं दोन वेगळ्या फळ्यांवर हुत्या. तुझ्या जोड्यांत त्या एका जोडीत हुत्या. मी बघितली न्हाई. त्या दिवशी लग्नाचा हॉल ठरवायला गेलतो, तितं बसून समद्यास्नी 'व्हय' दाबत गेलो. तुझी आठवण काढून हसत हुतो.

दिसायचं परत येत न्हाई, डॉक्टर म्हनले. निम्म्याच्या वर खांड आंधळं झालं. वीस-पंचवीस मेली.

  राणी घंटा वाजवत म्होरं चालती, आंधळी मेंढरं आवाजामागं जात्यात. मी जवळ गेलो तर एवढंच म्हनली, "माझ्या हातानं पाजलंया मी." मी म्हनलं, कॅन मी आनलाय. तर परत तेच. "माझ्या हातानं."

पेढं आईनं गाईला घातलं.

मल्हार


सातारा
१७ सप्टेंबर

मल्हार,

तुझं पत्र वाचून मी तशीच निघून आले, ते तू बघितलंस. परत आल्यापासून लिहायला बसते आणि उठते.

आधी कामाचं सांगते, कारण ते सांगता येतं. त्या दोन वस्तू वेगळ्या केल्या. गोदामातले आणि सगळ्या शाखांतले कॅन मोजून बाजूला काढले. पण तू 'पाठवू नको' लिहिलंस आणि मी तुला नियम शिकवत बसले, त्या दिवसांत आटपाडीकडे आणखी दोन कॅन गेले होते. एक बंद मिळाला. दुसरा उघडला होता. तिथं मेंढ्या थोड्या होत्या. मी जाऊन आले. एवढंच लिहिते.

सगळा कार्यक्रम थांबवून पुन्हा पहिल्यापासून आखलाय. औषधाची ताकद आणि जनावर हे आता नावाचाच भाग. बाटली हातात घेतल्याशिवाय आणि डॉक्टरनं वाचल्याशिवाय दोन वस्तू एक होणार नाहीत, मग तारीख चुको. काकांनी हे सगळं ऐकलं, मान डोलावली. मग माझा अहवाल वाचला आणि म्हणाले, "डब्यावर लिवलंय न्हवं? मग वाचायचं काम गिऱ्हाइकाचं. तसं लिही."

मी म्हटलं, "काका, आपण नाही वाचलं. दोघं शिकलेले होतो, दोघांनी नाही वाचलं."

"नाथाजीला मी सांभाळून घेतो. भरपाई देतो. पर कागदावर आपली चूक नको. धंदा बसंल."

मी अहवाल बदलला नाही. खाली माझं नाव घातलं आणि औषध खात्याच्या साहेबांकडे एक प्रत दिली. तेव्हापासून काका माझ्याशी बोलत नाहीत. काकू ताट वाढून आत निघून जातात. मला त्याचं काही वाटत नाही, म्हणजे वाटायला जागाच उरली नाही.

त्या दिवशी उमदीला मामांनी मला घोंगडं अंथरून दिलं, चहा दिला. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "चहा घे पोरी, गार हुईल." मल्हार, त्यांनी हाकलून दिलं असतं तर मला निदान चालत परत येता आलं असतं.

राणीला मी लांबून बघितलं. जवळ जायचं धाडस झालं नाही. ती एका मेंढीला ओंजळीतून चारत होती, आणि मेंढीला कळत नव्हतं चारा कुठून येतोय.

तुझं आणि तिचं काय, ते विचारत नाही. तुला वाटेल तेव्हा लिही. नाही लिहिलंस तरी चालेल, पण गाडीबरोबर एक चिठ्ठी तरी, की जेवलास.

आक्का


जत
१४ ऑक्टोबर

आक्का,

जेवतोय. आई म्होरं बसून वाढती, त्यामुळं टाळता येत न्हाई.

गेला महिना जत तालुका पिंजून काढला. माझ्या हातनं गेलेला एकूण एक कॅन परत आनला. कर्नाटकात पल्याड दोन वस्त्यांवर गेला हुता, तितंबी गेलो. एका म्हाताऱ्यानं इचारलं, "का रं बाबा, एवढ्या लांब कशाला आलास, फोन करायचा." मी म्हनलं, हातात घिऊन वाचायचं हुतं.

परवा मामांनी आंधळी मेंढरं इकली. ठेवून करनार काय? रानात सोडता येत न्हाईत, हिरीत पडत्यात. घ्यायला कोन येनार ते तुला ठावंच हाय. ट्रक आला. मी तितं हुतो, मामांनी नको म्हनलं न्हाई. मेंढरं फळीवर चढंनात, पायाखाली काय हाय ते दिसंना. ट्रकवालं ओढाय लागलं तवा राणी म्हनली, "थांबा. मी चढवती." एकेकीचं तोंड छातीशी धरून, नाव घिऊन, बोलत बोलत एकेक चढवली. तिच्या आवाजानं मुकाट गेल्या. आक्का, तिच्यावर इस्वास ठेवून गेल्या. समद्यात शेवटची चढवली आणि ती खाली उतरली. ट्रक वळनावर जाईस्तवर हुबी हुती.

मंग माझ्याकडं आली. मी आधीच म्हनलो, "मी धंदा सोडतो. मेंढरं घिऊ परत, हळूहळू, मी तुमच्यातच येतो ऱ्हायला." तिनं ऐकून घेतलं.

"तुमचा राग न्हाई मला," म्हनली. "राग असता तर बरं झालं असतं, गेला असता एक दिवस. तुमी समोर आला की त्यो दिवस येतो. तुमी तोंड उघडताय, मी पाजतीया, आपण हसतोय. जन्मभर रोज सकाळी कसं बघू मी?"

मी म्हनलं, "मला बी त्योच दिवस दिसतो."

"मंग दोघांनी एका घरात कशाला बघायचा," म्हनली.

आनी साखरपुड्याची अंगठी हातावर ठेवली. तिचा हात लय गार हुता. मामांनी जाताना पाठीवरनं हात फिरवला. त्यांचं एवढं गेलं, आणि हात मलाच फिरवला.

आता तुझ्यासाठी एक लिवायचं हाय. फाडून चारदा लिवलंय. यंदा भाऊबीजेला येऊ नको. रागानं सांगत न्हाई. तू पाठवलंस आणि मी दाबलं, तुझं माझं सारखंच हाय, मी तुला बोल लावत न्हाई. पर ती जे म्हनली ना, ते मला तुझ्याबाबतीत बी खरं वाटाय लागलंय. तू दारात दिसलीस की मला त्यो कॅन दिसतो. पुढं कवातरी कमी हुईल. आत्ता न्हाई.

दुकान सोडलेलं न्हाई. सकाळी उघडतो, माणूस येतो, 'तेच द्या' म्हनतो. मी त्याला खाली बसवतो आणि लेबल मोठ्यानं वाचून दावतो.

मल्हार


सातारा
२४ ऑक्टोबर

मल्हार,

आले नाही.

काकांनी दिवाळीच्या दिवशी मला पहिल्यांदा हाक मारली. म्हणाले, नवीन आखणी चालू दे, वेळ लागला तर लागू दे. मी बरं म्हटलं. सकाळपासून उंब्रजला असते, माझ्याबरोबर एक डॉक्टर असतात, आम्ही बाटल्या वाचतो. दिवसाला थोड्याच होतात.

काल संध्याकाळी मी ताट केलं. गच्चीवर गेले. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, ते लहानपणी आपल्या शेजारणीला करताना बघितलं होतं. बीजेची कोर अजिंक्यताऱ्यावर आली होती, दिसेल न दिसेल अशी. काकू मागनं आल्या. ताट बघून म्हणाल्या, "अगं, भाऊ असताना चंद्राला गं कशाला?"

मी म्हटलं, "निघालाय तो. यायला उशीर होतोय."

त्या माझ्याशेजारी उभ्या राहिल्या आणि वाऱ्यानं निरांजन विझू नये म्हणून पदर आडवा धरला.

उत्तर लिहू नकोस. तुला लिहावंसं वाटेल तोवर मीही लिहिणार नाही. सिद्धूला सांगितलंय, मंगळवारी तुझ्या दुकानासमोर गाडी थांबव, आणि परत येऊन मला फक्त सांग, दुकान उघडं होतं का.

आक्का